घरी बनवलेलं आर्केड कॅबिनेट (व्हिडिओ गेमची उभी पेटी) एकाच बटणावर कसं सुरू करायचं?

भाऊ, पीसी, मॉनिटर, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं एका स्विचवर हवं असेल तर पेटीच्या आत एक्स्टेंशन बोर्ड ठोका अन् त्याच्याच वायरवर दोन-पोल रॉकर स्विच लावा. स्विच बंद केला की फेज-न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. आपल्या खेड्यात सॉकेटची फेज कोणत्या बाजूला, नेम नाही. हिरवी अर्थिंग मात्र स्विचमधून नाही, सरळ बोर्डात. साध्या पीसीला ६ अँपिअरचा स्विच पुरतो. टर्मिनलवर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा, माझ्या पेटीत पाल शिरली होती! काम करताना प्लग काढलेलाच असू द्या.

पीसी आपोआप सुरू व्हायला बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ ऑन करा. बंद करताना आधी शटडाउन, मग स्विच. पीसीऐवजी रास्पबेरी पाय (एसडी कार्डवर चालणारा छोटा कॉम्प्युटर) असेल तर जास्तच जपा. ऐन मे महिन्यात लाइन गेली अन् माझं एसडी कार्ड उडालं.