बडोद्याच्या उन्हाळ्यात कापडी स्कॅप्युलर (कॅथलिक भाविक गळ्यात घालतात ते छोटं भक्तिवस्त्र) घामाने खराब झालं. नवीन घालताना पुन्हा विधी करावा लागतो का?

नाही. कार्मेल मातेच्या (म्हणजे मरियामातेच्या) तपकिरी स्कॅप्युलरचा स्वीकारविधी फादरांकडून आयुष्यात एकदाच करायचा. त्यानंतर जुनं विरलं की नवीन सरळ गळ्यात घालावं.

घेताना नीट पाहा: तपकिरी लोकरी कापडाचे दोन तुकडे, दोन दोऱ्यांनी जोडलेले, एक छातीवर, एक पाठीवर. चित्र नसलं तरी चालतं, महत्त्व कापडाला. दोरी बहुधा शिवणीपाशी तुटते, कारण घामाने तिथला धागा कुजतो. आंघोळीला काढून ठेवलंत तर जास्त टिकेल. त्यात काही पाप नाही.

मे महिन्यात लोकर टोचून पुरळ येत असेल तर पदक घाला. एका बाजूला येशूचं पवित्र हृदय, दुसऱ्या बाजूला मरियामाता. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये ही मुभा दिली. पण विधी कापडी स्कॅप्युलरनेच झालेला हवा आणि पदक बदललं की प्रत्येक नव्या पदकाला आशीर्वाद घ्यावाच लागतो. इथेच बरेच जण चुकतात.

जुनं कचऱ्यात टाकू नका; जाळा किंवा पुरा.

आणि कृपा करून याला ताईत समजू नका. हे मातेला दिलेल्या वचनाचं वस्त्र आहे. प्रार्थनेविना ते नुसतं कापडच.