लेकीला सोन्याच्या खाणीत जायचंय, काय करू?

लालबागहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, मिस्टर झवेरी बाजारात कारागीर. मुलीने कुठल्यातरी रीलमध्ये ऑस्ट्रेलियातली सोन्याची ओपन पिट, म्हणजे वरून उघडी खणलेली, खाण बघितली, घराएवढाले ट्रक बघितले आणि आता म्हणते मला हेच करायचंय. ताई विचारतात, हे मुलींचं काम आहे का, तिथे सायनाइड वापरतात म्हणे ते खरं का, आणि शिकायचं कुठे.

ताई, आधी एक गंमत सांगतो. त्या खाणीत काम करणाऱ्या बहुतेकांना सोनं डोळ्यांनी दिसतच नाही. झवेरी बाजारातले झारेकरी तुमच्या मिस्टरांना चांगले माहीत असतील, दुकानातला केर, राख, गटारातली माती नेऊन धुतात आणि त्यातून सोनं काढतात. ओपन पिट खाण म्हणजे तोच धंदा, फक्त केराच्या जागी अख्खा डोंगर. अशा खाणीत एक टन दगडात साधारण एक ग्रॅम सोनं असलं तरी धंदा चालू शकतो. म्हणजे २३० टनांचा एक भरलेला ट्रक म्हणजे जेमतेम २० तोळे, आणि त्या दगडापर्यंत पोचायला वरचा बिनकामाचा दगड कितीतरी पट जास्त उपसावा लागतो तो वेगळाच.

आता मजा अशी की सोनं असलेला दगड आणि नसलेला दगड दिसायला बरेचदा सेम टू सेम. मग कळतं कसं? खाण पायऱ्यापायऱ्यांनी खणतात, त्याला बेंच म्हणतात. सुरुंग लावायला बेंचवर ओळीने भोकं पाडतात, त्यातून जो भुगा वर येतो त्याचं सॅम्पल लॅबला जातं, आणि आकडे आले की जिऑलॉजिस्ट नकाशावर रेघा मारतो, इथून इथपर्यंत ओर म्हणजे सोन्याचा दगड, पलीकडे वेस्ट म्हणजे बिनकामाचा. मग ब्लास्ट होतो. ब्लास्टमध्ये दगड चार-पाच मीटर सरकला तर रेघाही सरकवाव्या लागतात, नाहीतर सोन्याचा ट्रक कचऱ्याच्या ढिगावर आणि कचरा क्रशरमध्ये. याला ग्रेड कंट्रोल म्हणतात. माझ्या मते अख्ख्या खाणीतलं सगळ्यात डोक्याचं काम हेच, पण रीलमध्ये कधी दिसणार नाही, कारण त्यात एक माणूस उन्हात भुगा पिशवीत भरत असतो, बास.

पुढे क्रशर, मग मोठमोठ्या फिरत्या गिरण्या, आत स्टीलचे गोळे. दगड मैद्यासारखा बारीक होईपर्यंत दळतात आणि प्लांटची सगळ्यात जास्त वीज इथेच जाते. त्याचा पातळ गाळ टाक्यांमध्ये जातो आणि तिथे सायनाइड येतं. हो ताई, ते खरंय, १८८७ पासून हीच पद्धत आहे. पण प्रमाण अगदी कमी असतं आणि चुना घालून पाण्याचा पीएच १० च्या वर ठेवतात, कारण तो खाली आला की विषारी गॅस सुटतो. म्हणून गॅसचे मीटर आणि अलार्म असतात, धोक्याच्या वेळी काय करायचं याचा सराव होतो. सोनं त्या पाण्यात विरघळतं, मग ते पकडायला कोळसा टाकतात, आणि हा कोळसा बरेचदा नारळाच्या करवंटीचा असतो बरं का. कोळशातून सोनं गरम द्रावणात उतरवायचं, वीज सोडून ते स्टीलच्या तारांच्या गुंत्यावर चढवायचं, आणि शेवटी भट्टीत टाकणखार वगैरे घालून वितळवायचं. टाकणखार ऐकून मिस्टर हसतील, त्यांच्या रोजच्या कामातलाच तो. जी वीट निघते तिला डोरे म्हणतात, त्यात चांदीही असते, शुद्ध करायला ती रिफायनरीत जाते.

माझी काळजी सायनाइडच्या टाकीपेक्षा सोनं काढून उरलेला गाळ साठवतात त्या धरणाची जास्त. २००० साली रोमानियातल्या ‘बाया मारे’ नावाच्या गावाजवळ असं धरण फुटलं आणि सायनाइडचं पाणी नदीनदीतून डॅन्यूबपर्यंत गेलं, ढिगाने मासे मेले. हे धरण सांभाळणारे इंजिनिअर खाणीला नेहमीच लागतात. मुलीला पाणी-माती आवडत असेल तर सिव्हिल करूनही या लाइनमध्ये शिरता येतं.

मुलींचं म्हणाल तर आपल्याकडे २०१९ पर्यंत बायकांना जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदीच होती आणि वरच्या खाणीत संध्याकाळी सातनंतर थांबता येत नव्हतं. आता अटींसह दोन्ही मोकळं झालंय. पण वसतिगृहासारखी कॅम्पची राहणी, बारा-बारा तासांच्या शिफ्ट, आठवडेच्या आठवडे घरापासून लांब, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. आणि भारतात सोन्याच्या नोकऱ्या मोजक्याच. कोलार २००१ मध्ये बंद झालं, कर्नाटकात हट्टी चालू आहे पण ती भूमिगत खाण. म्हणजे सोनंच हवं असेल तर बाहेर जायची तयारी हवी, नाहीतर लोखंड, कोळसा, तांबं, जस्त यात सुरुवात.

आता शिकायचं कुठे. मायनिंगला नागपूरचं व्हीएनआयटी बघा, आपल्या राज्याच्या मुलांना तिथे अर्ध्या जागा असतात, आणि धनबादचं आयआयटी. पण मी तिच्या जागी असतो तर मेटलर्जी, म्हणजे धातू काढायचं आणि घडवायचं शास्त्र, आधी लिहिली असती, कारण खाण नाही जमली तर स्टील आहे, ऑटो आहे, रिफायनरी आहे. ती नागपूरलाही आहे आणि पवईच्या आयआयटीतही. घर सोडायचंच नसेल तर धोबी तलावच्या झेवियर्स कॉलेजला जिऑलॉजीत, म्हणजे भूगर्भशास्त्रात, बीएससी आणि पुढे पवईला अप्लाइड जिऑलॉजीत एमएससी, ग्रेड कंट्रोलला हीच माणसं लागतात.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. मिस्टरांना सांगा एखाद्या ओळखीच्या हॉलमार्किंग सेंटरमध्ये तिला अर्धा दिवस बसवा, भट्टीत सोन्याचा कस कसा काढतात ते बघू दे. खाणीच्या लॅबमध्ये दगडाचा कस काढायलाही मुळात तीच भट्टीची पद्धत वापरतात. तिथे तिने चार प्रश्न विचारले तर मेटलर्जी. कंटाळून मोबाइल काढला तर मला परत लिहा.