वाचक विचारतात : बाहेर पडला की अख्त्रा!

प्रश्न : ताई, माझी भाची डब्लिनला शाळेत आहे, तिथे आयरिश शिकावंच लागतं. तिच्या पुस्तकात ॲडव्हेंचरसाठी 'अख्त्रा' असा शब्द आहे, स्पेलिंग ई-ए-सी-एच-टी-आर-ए. हा इंग्रजी 'एक्स्ट्रा'वरून आलाय का? आणि मधेच त्याला पुढे एच का चिकटतो? पोरगी वैतागलीय.

उत्तर : एक्स्ट्रावरून नाही आलेला, पण नातं आहे, आणि सख्खं आहे. जुन्या आयरिशमधे 'एख्तर' म्हणजे बाहेर, त्यावरून 'एख्त्रे', म्हणजे बाहेर पडणं, मोहीम. लॅटिनमधल्या 'एक्स्ट्रा'चा अर्थपण मुळात बाहेर असाच, दोघांचं मूळ एक. आयरिशमधे हा 'ख्त' खूप ठिकाणी भेटतो, आपला आठ, संस्कृत अष्ट, लॅटिन ऑक्टो, तो तिकडे 'ओख्त'!

जुन्या आयर्लंडमधे 'एख्त्रे' हा गोष्टींचा एक अख्खा प्रकारच होता, नायक या जगाबाहेर परलोकात जातो त्या गोष्टी. मला कॉनला या राजपुत्राची आवडते. परलोकातली एक बाई येते, ती फक्त त्यालाच दिसते, बाकीच्यांना नुसता आवाज येतो, मग त्याच्या बापाचा, म्हणजे राजाचा, ड्रुइड (तिकडचा पुरोहित-मांत्रिक) मंत्र म्हणून तिला घालवतो पण जाता जाता ती कॉनलाकडे एक सफरचंद फेकते आणि हा पठ्ठ्या महिनाभर तेवढंच खातो, तरी ते संपत नाही. शेवटी ती परत येते आणि हा बापाला सोडून तिच्या काचेच्या नावेत उडी मारतो, तो गेला तो गेलाच.

आता एच. आपल्याकडे शब्दाची शेपटी बदलते, 'घर'चं 'घरा-ला' होतं, आयरिशमधे शेपटी तर बदलतेच पण तोंडपण बदलतं. शब्द स्त्रीलिंगी. 'अन अख्त्रा' म्हणजे ते साहस, इथे काही होत नाही. पण अनेकवचनात 'ना हख्त्री', साहसांचं म्हणायचं तर 'ना नख्त्री'. खरी गंमत पुढे आहे, त्याचं, तिचं, त्यांचं या तिन्हीला एकच शब्द, 'अ'. मग 'अ अख्त्रा' त्याचं साहस, 'अ हख्त्रा' तिचं आणि 'अ नख्त्रा' त्यांचं. म्हणजे तो एच काढला की साहस भाचीचं न राहता भाच्याचं होतं, तिला हे सांगा, लगेच पाठ होईल!

आणि हो, आजच्या आयरिशमधे साधी घटना झाली तरी 'अख्त्रा'च म्हणतात, त्यामुळे बातमीत हा शब्द दिसला तर दरवेळी साहस शोधत बसू नका.