पाटा वाढवला म्हणून ट्रेलरची ताकद वाढत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे एका धुऱ्याचा उघडा ट्रेलर आहे. मधला तळ ३.६ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, खाली लाकडी फळ्या. ट्रेलरच्या क्षमतेच्या प्लेटवर (ट्रेलर अधिक माल) एकूण वजन १५०० किलो लिहिलंय, रिकामा ट्रेलर ४२० किलोचा भरतो. ब्रेक नाहीत. आतापर्यंत माती, लाकूड, गवत कापायचं यंत्र एवढंच नेलं. आता त्यावरून माझी जुनी छोटी कार (९५० किलो) न्यायची आहे, आणि पुढेमागे भाड्याने घेतलेला छोटा एक्सकॅव्हेटरही (बकेटसकट १७०० किलो). फळ्यांवरून ५ मि.मी.ची चेकर्ड प्लेट (उंचवट्यांची नक्षी असलेला पोलादी पत्रा) ठोकायची, दोन्ही बाजूंच्या कमानींत (धुऱ्यावरच्या लीफ स्प्रिंगमध्ये) एकेक पाटा वाढवायचा आणि मागे रॅम्प लावायचा, असा बेत आहे. एवढ्याने भागेल ना?

उत्तर : नाही भागणार. उलट या बेताने तुमचा ट्रेलर आज आहे त्यापेक्षा कमी कामाचा होईल. हिशोब मांडून दाखवते, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही.

५ मि.मी. पोलादी पत्रा चौरस मीटरला जवळजवळ ४० किलो भरतो. तुमचा तळ साडेसहा चौरस मीटरचा. म्हणजे नुसती प्लेटच अडीचशे किलोंच्या वर गेली. ४२० चे ६७० झाले. १५०० मधून ते वजा केले की उरले ८३०, आणि कार ९५० ची. ट्रेलर मजबूत करायला निघालात आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती कारच त्यात बसेना. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतले आठजण हीच चूक करून आलेले असतात. जाड लोखंड म्हणजे ताकद असं डोळ्याला वाटतं, पण ट्रेलरवर चढवलेलं प्रत्येक किलो लोखंड मालाच्या वाट्यातून जातं. शिवाय फळ्या आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी अडकतं. दोन पावसाळ्यांत फळी कुजते, पत्रा खालून गंजतो आणि वरून काहीच दिसत नाही.

प्लेट हवीच असेल तर फळ्या काढा आणि चाकं जिथून जातात तिथेच ४० से.मी. रुंदीच्या दोन पट्ट्या टाका. त्या दोन्हींचं वजन ११५ किलोंच्या आसपास भरेल. काढलेल्या फळ्याही जवळपास तेवढ्याच वजनाच्या निघतील, त्यामुळे ट्रेलर ४२० वरच राहील. मधला भाग उघडा राहिला तर कारला काही फरक पडत नाही, उलट खाली वाकून पट्टे बांधायला हात घालता येतो.

आता पाट्यांबद्दल. पाटा वाढवला की ट्रेलर कमी बसतो, बाकी काही नाही. धुरा तोच, बेअरिंग तीच, हब तोच, टायर तेच. आधी जास्त माल भरला की ट्रेलर खाली बसून सांगायचा, की बाबा, पुरे. पाटा वाढवल्यावर तो सांगायचा बंद होतो. मी जे वाकलेले धुरे बदललेत, त्यांतल्या बऱ्याच ट्रेलरांना हौसेने वाढवलेले पाटे होते. कमानी थकल्या असतील, पाट्यांची गोलाई गेली असेल, तर त्याच क्षमतेची नवी जोडी टाका. जास्तीचा पाटा नको.

तुम्ही टायरचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्यावर मापापुढे ८८ हा आकडा आहे. तो भारांक. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. दोन टायर मिळून ११२०. कुणीतरी मधे कधीतरी साधे कारचे टायर चढवलेले दिसतात. कारसकट तुमचं एकूण वजन १४५० च्या घरात जाईल. त्यातलं दीडशेच्या आसपास हुकावर गेलं तरी धुऱ्यावर १३०० उरतात, म्हणजे एका टायरवर साडेसहाशे. प्लेट कितीही १५०० म्हणो, आज तुमचा ट्रेलर टायरपाशीच हरतोय. भारांक १०४ चा टायर घ्या, तो ९०० किलो पेलतो. रिमवरही क्षमता कोरलेली असते, तीही वाचा, नाहीतर नवा टायर जुन्या रिमवर वाया जाईल. आणि टायरच्या बगलेवर चार आकडी तारीख असते, तिच्याकडे बघाच. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी शाबूत असते आणि बगलेला बारीक चिरा पडलेल्या असतात.

मी प्रत्येक ट्रेलर हातात घेतला की खडूने चॅसिसवर एकेक आकडा लिहिते. हूक किती, ट्रेलर ओढायचा पुढचा दांडा किती, धुरा किती, रिम किती, टायर किती. त्यातला सगळ्यात लहान आकडा तोच ट्रेलरचा आकडा. तुम्हीही लिहा. हुकाच्या कपलिंगवर, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावर, क्षमता आणि गोळ्याचं माप दोन्ही ठोकलेलं असतं. गोळा आणि कपलिंग एकाच मापाचे हवेत. दोन इंची कपलिंगमध्ये पावणेदोन-एक इंचाचा गोळा बसल्यासारखा वाटतो, कुलूपही लागतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उसळून बाहेर येतो.

ब्रेक बसवा. यात मी तडजोड सांगणार नाही. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि दीड टनाचं हे ओझं आज फक्त तुमच्या पुढच्या गाडीच्या ब्रेकवर आहे. ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक असलेच पाहिजेत असा नियम कित्येक देशांत आहे, तो उगाच नाही. दोन प्रकार मिळतात. एक धक्क्याचा : पुढची गाडी मंदावली की ट्रेलर हुकावर रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचा ब्रेक लागतो. याला गाडीत काही बसवावं लागत नाही. दुसरा विजेचा, त्याला गाडीत कंट्रोलर लागतो. मला विजेचा आवडतो. ट्रेलर डोलायला लागला तर कंट्रोलरचा खटका हाताने दाबून फक्त ट्रेलरचा ब्रेक लावता येतो, आणि मागून ओढ बसली की ट्रेलर सरळ होतो. कोणताही घ्या, पण हूक सुटला तर ट्रेलरचा ब्रेक आपोआप लावणारी तार किंवा स्विच त्यासोबत हवाच. साखळ्या दोन, दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावलेल्या. हूक सुटला तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

ब्रेक आणि अॅल्युमिनियमचे रॅम्प मिळून साठेक किलो धरा. ४८० अधिक ९५० म्हणजे १४३०. पट्टे, जॅक, स्टेपनी धरून १५०० च्या आत बसतंय. कार न्या, खुशाल न्या.

फक्त ती ठेवायची कुठे, हे वजनकाट्यावर ठरवा. हुकावर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा, आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात हुकाची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची. भार कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि वेग वाढेल तसं ते वाढत जातं. तुमच्या हुकापासून धुरा ३ मीटरवर आहे. कार नुसती २० से.मी. पुढे सरकवली तरी हुकावर ६० किलोंच्या वर भार वाढतो. एवढ्याशा सरकण्याने! म्हणून एकदा काट्यावर आधी अख्खा ट्रेलर, मग पुढचा जॅक काट्याबाहेर ठेवून फक्त चाकं, असं दोनदा वजन करा. दोन्हींतला फरक म्हणजे साधारण हुकावरचा भार. जागा बरोबर सापडली की कारची पुढची चाकं जिथे टेकतात तिथे एक आडवा अँगल बोल्टने बसवून टाका. मग दर वेळी मोजायला नको.

एक्सकॅव्हेटर मात्र या ट्रेलरवर नाही. १७०० अधिक ४८०, जवळपास २२०० किलो. दुसरा धुरा जोडून घेतो असं तुमच्या मनात येईल, पण तुमची चॅसिस ७५ मि.मी. उंचीच्या चॅनलची (इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या लोखंडी तुळईची) आहे, दांडा आणि कपलिंगही १५०० चंच. सगळं बदलावं लागेल, आणि प्लेटवरचा आकडा वेल्डिंग करून वाढत नाही. त्यासाठी नोंदणीच्या नियमाने तपासणी लागते. यंत्रासाठी दोन धुऱ्यांचा ट्रेलर वेगळा घ्या किंवा भाड्याने आणा. नवा बांधून घेणार असाल तर चॅनलची उंची वाढवा, जाडी नव्हे. ७५ चा चॅनल मीटरला ७ किलोंच्या आसपास, १०० चा साडेनऊ. लोखंड एक तृतीयांशाने वाढतं, वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो.

आता रॅम्प. त्याबद्दल लिहिताना आजही माझे हात गार पडतात. मी वडिलांच्या हाताखाली शिकत होते तेव्हाची गोष्ट. लहान ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवत होतो. ट्रॅक्टरवर वडील, मी बाजूला उभी. पुढची चाकं तळावर आली, मागची अजून रॅम्पच्या टोकाशी, आणि ट्रेलरची शेपटी खाली दबली. पुढून हूक वर उचलला गेला, त्याच्याबरोबर पिकअपचा मागचा भागही. हँडब्रेक मागच्याच चाकांना. ती चाकं रस्त्यावरून हलकी झाली आणि पिकअप, ट्रेलर, ट्रॅक्टर असं सगळं मिळून उतारावर निघालं. दोन-अडीच मीटर गेलं असेल. वडिलांनी ट्रॅक्टर सोडला नाही, पुढे घेतला, भार धुऱ्याच्या पुढे आला, पिकअप खाली बसली आणि थांबली. त्या दिवसापासून आमच्याकडून एकही ट्रेलर शेपटीखालच्या दोन टेकूंशिवाय बाहेर गेलेला नाही. चौकोनी पाइपात सरकणारा पाइप, पिन घालून उंची ठरवायची, खाली जाड पट्टीचा पाय. अर्ध्या दिवसाचं काम आहे. चढवण्याआधी टेकू खाली, पुढच्या गाडीच्या चाकांना ठोकळे, मग रॅम्प.

रॅम्पची लांबी कंजुषी करून ठरवू नका. तुमचा तळ ५५ से.मी. उंच आहे. १.८ मीटरच्या रॅम्पवर चढ १८ अंशांचा होतो, २.४ मीटरच्या रॅम्पवर १३ चा. छोट्या कारचं पोट नेमकं तळाच्या कडेवर घासतं, ते या पाच अंशांनी वाचतं.

प्रश्न : ताई, तळाच्या पत्र्याला चार डी-रिंग वेल्ड करून घेतल्या आहेत. त्यांना साखळ्या बांधून रोलर नेला तर चालेल का?

उत्तर : नको. पत्र्याला जोडलेली रिंग पत्र्याएवढीच टिकते. ओढ बसली की पत्रा आधी फुगतो, मग वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेने फाटतो. रिंग चॅसिसच्या चॅनलला किंवा आडव्या चॅनलला घ्या, मागे जाड पट्टी देऊन. आणि चॅनलच्या खालच्या पाकळीवर (खालच्या आडव्या पट्टीवर) आडवा टाका कधीही मारू देऊ नका, चीर तिथूनच सुरू होते. धुऱ्याच्या नळीवर तर वेल्डिंगचा हात जाताच कामा नये.

साखळी किंवा पट्ट्यावर कामाचा भार लिहिलेला असतो. तुटायचा भार त्याच्या कितीतरी पट असतो, तो धरून हिशोब करायचा नाही. लेबल निघून गेलेला पट्टा वापरातून काढून टाका. यंत्राला साखळी, चार कोपऱ्यांना चार, आणि बकेट किंवा ब्लेड खाली टेकवून त्याला वेगळी पाचवी. कारला मात्र पट्टे, तेही चाकांवरून. बॉडी ओढून बांधली की कार स्प्रिंगवर हलते आणि पट्टा सैल पडतो. निघाल्यावर पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. तेव्हाच हबला हात लावून बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक काहीतरी सांगतोय. नवीन चाक बसवलं असेल तर पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर नटही पुन्हा आवळा.

प्रश्न : ट्रेलरला नवीन एलईडी दिवे लावले, तरी इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवाही मिणमिणतो. दिवे खराब आले का?

उत्तर : दिवे बहुतेक चांगले आहेत, अर्थिंग वाईट आहे. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. हुकाच्या गोळ्यातून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहू नका, तिथे ग्रीस आणि गंज असतो. प्लगपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढा. चॅसिसला जोडायची झाली तर रंग खरवडून चकचकीत लोखंडावर बोल्टने जोडा आणि वरून ग्रीस लावा.