वाचक विचारतात : फेनेस्त्रची खिंड आणि तिच्यापलीकडचे स्थानक

प्रश्न : येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता मुलीकडे फ्रान्समधील नीस येथे जाणार आहोत. तेथून जवळच असलेल्या सँ-मार्तँ-व्हेझ्युबी या आल्प्समधील गावातून दुसऱ्या महायुद्धात ज्यू निर्वासित खिंड ओलांडून इटलीत गेले, असे वाचनात आले. आम्ही साठी ओलांडली आहे, तरी अजिंक्यतारा नेमाने चढतो. ती वाट आम्हाला झेपेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : झेपेल, पण घाई करू नये. गाव साधारण ९६० मीटर उंचीवर आहे, तेथून वर मादोन द फेनेस्त्र हे देवस्थान सुमारे १९०० मीटरवर आणि खिंड २४७४ मीटरवर. म्हणजे देवस्थानापासून चालायला लागाल, तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या वर असाल. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून एक रात्र गावात काढावी आणि देवस्थानापर्यंतच्या रस्त्याची चौकशी तेथेच करावी, कारण ऑक्टोबर २०२० मधील वादळी पुराने या खोऱ्यातील रस्त्यांची फार हानी केली होती.

नोव्हेंबर १९४२ पासून हा प्रदेश इटालियन सैन्याच्या ताब्यात होता आणि इटली जर्मनीचा दोस्त असूनही तिचे तेथील अधिकारी ज्यूंना जर्मनांच्या हवाली करीत नव्हते. म्हणून १९४३ मध्ये हजारभर निर्वासित या गावात, दिवसातून दोनदा हजेरी देण्याच्या अटीवर, राहत होते. ८ सप्टेंबरला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली, इटालियन सैनिक माघारी निघाले आणि त्यांच्यामागोमाग ही कुटुंबे शहरी पादत्राणांनिशी, मुले-म्हातारी आणि बॅगा सांभाळत, फेनेस्त्र व चेरीज या दोन खिंडी चढली.

पलीकडे मात्र जर्मन येऊन ठेपले होते. १८ सप्टेंबरला साडेतीनशेच्या आसपास लोक पकडले जाऊन बोर्गो सान दालमाझ्झो येथील बराकींत डांबले गेले आणि त्यांतील बहुतेकांना २१ नोव्हेंबरला रेल्वेने रवाना करण्यात आले. ती वाट पुढे आउश्वित्झला पोहोचली. उरलेल्यांपैकी अनेकांना डोंगरातल्या शेतकऱ्यांनी आणि पाद्र्यांनी लपवले. खिंडीपर्यंत जाऊन परतणारे प्रवासी या प्रसंगाची अर्धीच बाजू पाहतात, असे आमचे मत आहे. तेव्हा गुडघ्यांनी नकार दिला तर खिंड खुशाल सोडावी, परंतु बोर्गोच्या रेल्वेस्थानकावरील नावांचे स्मारक चुकवू नये.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांतील लोक या खिंडीत स्मरणार्थ एकत्र येतात. तुमच्या मुक्कामात तो दिवस येतो का, हे मुलीला आधीच पाहायला सांगावे.