गुंतवणूक : प्रश्न तुमचे

मिडकॅप (मध्यम आकाराच्या) कंपनीचे 200 शेअर 250 रुपयांना घेतले होते, आता भाव 110 आहे. आणखी 200 घेऊन अ‍ॅव्हरेज करू का? (सोलापूर)

अ‍ॅव्हरेज, म्हणजे सरासरी खरेदी भाव, 180 वर येईल, पण तोटा 28 हजार आहे तेवढाच राहील. उद्या भाव 55 झाला, तर न घेता तोटा 39 हजार, घेऊन 50 हजार. त्यामुळे 250 हा आकडा आधी विसरा. हातात एकही शेअर नसता, तर आज 110 ला हा शेअर घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर अ‍ॅव्हरेजचा विषयच संपला.

येस बँकेचा शेअर ऑगस्ट 2018 मध्ये चारशेच्या आसपास होता, जुलै 2019 मध्ये शंभराखाली आला. पाऊण किंमत उतरली, आता आणखी काय उतरणार, म्हणून अनेकांनी घेतला. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि भाव काही काळ एक आकडी झाला. पुनर्रचनेत शंभर किंवा अधिक शेअर असलेल्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षं गोठवले गेले. जुलै 2020 मध्ये बँकेने 12 रुपयांना नवे शेअर विकले, म्हणजे जुन्यांचा हिस्साही पातळ झाला. गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीच्या भागधारकांना तर 2021 मध्ये काहीच मिळालं नाही. 80 टक्के पडलेला शेअर 90 टक्के पडतो, तेव्हा मध्ये घेणाऱ्याचे निम्मे पैसे गेलेले असतात.

घ्यायचाच असेल, तर आधी कंपनीचा तीन वर्षांचा कॅश फ्लो (रोकड आली-गेल्याचा तक्ता) काढा. कागदावर नफा आणि धंद्यातून येणारी रोकड उणे, असं दरवर्षी दिसलं तर पुढे वाचूही नका. मग बीएसईच्या संकेतस्थळावर दर तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर आहेत ते) बघा. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांनी, कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर वाढत असतील, तर भाव पडल्यावर सावकार ते विकायला काढतो आणि भाव आणखी पडतो. ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला असेल, तर कारण काहीही छापलेलं असो, लांब राहा.

एवढं पार पडलं, तरी एका शेअरमध्ये भांडवलाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको. पाच लाखांवर पंधरा हजार. त्याचे तीन हप्ते करा. दुसरा हप्ता भाव पडला म्हणून टाकायचा नाही, कंपनीच्या तिमाही निकालात आधी ठरवलेली गोष्ट दिसली तरच, उदाहरणार्थ कर्ज कमी झालं. ती गोष्ट पहिल्या खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवा. दोन तिमाहींत दिसली नाही, तर बाहेर पडा.

स्टॉप-लॉस (ठरावीक भावाला आपोआप विकण्याची ऑर्डर) लावला की धोका उरत नाही ना? (ठाणे)

उरतो. पाच टक्के सर्किटचा, म्हणजे दिवसात पाच टक्क्यांहून जास्त हलू न शकणारा शेअर 110 वरून आधी 104.50 ला, दुसऱ्या दिवशी साधारण 99.30 ला लॉक होतो. तुमचा 100 चा स्टॉप लागतो, पण समोर घेणारा नाही. ऑर्डर रांगेत पडून राहते आणि तिसऱ्या दिवशी भाव 94 वर. वरची तीन टक्क्यांची मर्यादा याचसाठी आहे.

तोट्याचा कराला काही उपयोग? (नाशिक)

विकल्यावरच. घेतल्यापासून बारा महिन्यांच्या आत विकलात, तर तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन दोन्ही भांडवली नफ्यांतून वजा होतो. नंतर विकलात, तर फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर.