वाचकांचे प्रश्न : ग्रेट्झ्कीने एडमंटन का सोडले?

प्रश्न : मुलीकडे कॅनडात एडमंटनला गेलो असताना तिथल्या स्टेडियमबाहेर वेन ग्रेट्झ्की या आइस हॉकीपटूचा चषक उंचावलेला पुतळा पाहिला. संघाला चार विजेतेपदे मिळवून दिल्यावर तो सोडून गेला, असे जावई म्हणाले. एवढे यश आणि एवढे प्रेम मिळत असताना खेळाडू आपला संघ का सोडतो? पैशासाठीच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैशासाठी हे खरे, पण तो पैसा खेळाडूला नव्हे, मालकाला हवा होता. आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा शब्द आता आपल्याही ओळखीचा झाला आहे. उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये खेळाडूचा करार क्लबच्या हाती असतो आणि करारात तशी अट नसेल, तर खेळाडूला न विचारताही क्लब तो दुसऱ्या क्लबला देऊ शकतो.

ग्रेट्झ्कीच्या एडमंटन ऑयलर्स संघाने मे 1988 मध्ये चौथ्यांदा स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला आणि तीन महिनेही उलटले नाहीत तोच, 9 ऑगस्टला, 27 वर्षांच्या या कर्णधाराला लॉस एंजेलिस किंग्जकडे धाडण्यात आले. मालक पीटर पॉकलिंग्टन यांना रोख रकमेची निकड होती, शिवाय काही वर्षांनी करार संपून ग्रेट्झ्की मोकळा झाला असता, तर त्यांच्या हाती छदामही लागला नसता. त्याऐवजी त्यांना दीड कोटी अमेरिकी डॉलर, जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे दोन तरुण खेळाडू आणि तीन वर्षांच्या पहिल्या फेरीत नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क मिळाले. ग्रेट्झ्कीबरोबर आणखी दोघे गेले, पण त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही.

बदली आपल्याच विनंतीवरून होत आहे, असे ग्रेट्झ्कीने पत्रकार परिषदेत सांगितले खरे. मात्र बोलता बोलता त्याचा कंठ दाटून आला आणि तो डोळे पुसत बसून राहिला. स्वखुशीने निघालेला माणूस असा दिसत नाही, हे पाहणाऱ्यांना कळत होते. तरीही गावातल्या अनेकांनी खापर फोडले ते जुलैत लग्न होऊन आलेल्या त्याच्या अभिनेत्री पत्नीवर. (सुनेचा पायगुण काढण्याची खोड केवळ आपलीच नाही!) कॅनडाच्या संसदेतील एका विरोधी नेत्याने तर सरकारने हा सौदा रोखावा, अशी मागणी केली होती.

खेळाडू आपण होऊन निघाल्याचे उदाहरण हवे असेल, तर ते बॉस्टन ब्रुइन्सच्या रे बोर्कचे घ्यावे. 1979 पासून तो त्या एकाच संघाकडून खेळत होता आणि अंतिम फेरीत दोनदा, 1988 मध्ये व 1990 मध्ये, हरला होता. दोन्ही वेळा ऑयलर्सकडूनच, आणि दुसऱ्या वेळी तर ऑयलर्सकडे ग्रेट्झ्कीही नव्हता. मार्च 2000 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, संघ घसरणीला लागलेला पाहून त्याने चषकाची आशा असलेल्या संघाकडे पाठवण्याची विनंती केली आणि तो कोलोराडो ॲव्हलांचकडे गेला. इथे कारण पैसा नव्हते. हाताशी उरलेली वर्षे मोजकी होती.

जून 2001 मध्ये कोलोराडोने अंतिम मालिकेचा सातवा सामना जिंकला. प्रथेनुसार चषक आधी कर्णधार उंचावतो. पण जो सॅकिकने तो हाती येताच स्वतः न उंचावता सरळ बोर्ककडे दिला. बोर्कचा हा कारकिर्दीतील शेवटचा सामना होता. काही दिवसांनी तो चषक घेऊन बॉस्टनला गेला, तेव्हा दुसऱ्याच संघाने जिंकलेला तो चषक पाहायला नगरभवनापुढच्या चौकात हजारो बॉस्टनकर जमले होते.